सॉस तिखट झाला? पाणी नको, टोमॅटो घाला!



या पानावर आमच्याकडून बेणे, लागण आणि खताचे डोस यांविषयी वाचायची आपणांस सवय आहे. यावेळी विषय स्वयंपाकघरातला आहे. मुद्दा मात्र डोसाचाच आहे.

आपल्यापैकी काही जण पट्टा पद्धतीच्या उसात टोमॅटोचे आंतरपीक घेतात. बाजार पडला की तोडणी अन् गाडीभाडेसुद्धा सुटत नाही. अशाच पडत्या बाजारात आम्ही एक क्रेट टोमॅटो घरी आणले. वाया घालवण्यापेक्षा सॉस करावा, पोरांच्या चपातीला होईल, हा हिशेब.

निम्म्या क्रेटचा ५ किलो गर निघाला. सौ.नी साखर, मीठ तोलून घातले. मिरचीपूड मात्र आम्ही हातानं टाकली, तीही लवंगीची. उकळत्या सॉसची चव नीट कळेना, म्हणून वर आणखी एक मूठ. सॉस आटून एक तृतीयांश राहिला. पाणी उडाले, तिखट तेवढेच राहिले. धाकट्याने बोट चाटले आणि तो थेट माठाकडे पळाला. सौ. म्हणाल्या, "अहो, शेतकऱ्यांना युरिया असाच टाकायला सांगता का?" आम्ही गप्प.

आता हे सुधारायचे कसे? पाणी घालावे, तर सॉस पातळ होऊन लवकर आंबतो. साखर वाढवावी, तर जीभ थोडी फसते, पण तिखट जात नाही. शेवटी सॉसचा मुरंबा होतो. मिरचीतला तिखट घटक कॅप्सेसिन. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. म्हणून तोंड भाजले की पाण्यापेक्षा दुधाने बरे वाटते आणि तिखट रश्श्याला नारळाचे दूध चालते. पण रस्सा त्याच दिवशी संपतो. बाटलीत ठेवायच्या सॉसमध्ये दूध, साय घातली तर तो नासतो.

राहिला एकच मार्ग, बिनतिखट भाग वाढवणे. १९१२ साली अमेरिकेत विल्बर स्कोव्हिल यांनी मिरचीचा तिखटपणा मोजला, तो याच तत्त्वावर. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचे आणि तिखट लागेनासे व्हायला किती पट पाणी लागले ते बघायचे.

उरलेल्या टोमॅटोचा तेवढाच गर काढून आम्ही मिरची न घालता सॉस शिजवला. दोन्ही सॉस गार करून आधी चमच्याने अंदाज घेतला. एकास एक मिसळल्यावर चव जमली. मग सगळे एकत्र करून पुन्हा उकळी दिली. सॉस दुप्पट झाला, वाया काही गेले नाही.

मुळात चूक होऊ नये म्हणून १ किलो गरास हे प्रमाण लिहून ठेवावे : साखर ७५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, कांदा ५० ग्रॅम, आले १० ग्रॅम, लसूण ५ ग्रॅम, मिरचीपूड ५ ग्रॅम, व्हिनेगर २५ मिलिलिटर. कांदा, आले, लसूण ठेचून मिरचीपुडीसह स्वच्छ फडक्यात पुरचुंडी बांधावी, गरात सोडावी आणि अधूनमधून दाबावी. तिखट पुरे वाटले की पुरचुंडी बाहेर काढता येते. मोकळी टाकलेली पूड काढता येत नाही. ब्याडगी वापरल्यास रंग येतो, तिखटपणा बेताचा राहतो. चव घेताना चमचाभर सॉस बशीत गार करून मगच चाखावा. बशीतल्या थेंबाभोवती पाणी सुटले नाही म्हणजे सॉस झाला. व्हिनेगर शेवटी घालावे. तयार सॉसच्या दर किलोस पाव ग्रॅम सोडियम बेंझोएट थोड्या गरम पाण्यात विरघळवून मिसळावे. उकळून घेतलेल्या बाटल्यांत सॉस गरम असतानाच भरावा, बुचे लावून बाटल्या अर्धा तास गरम पाण्यात ठेवाव्यात.

सौ.च्या बोलण्याचा आम्हाला राग आला नाही, कारण ते खरे होते. आमच्याकडे दुसरा निम्मा क्रेट होता, म्हणून सॉस वाचला. एकरात जादा पडलेल्या युरियाला मिसळायला दुसरे रान आणता येत नाही. तेव्हा लागणीपूर्वी मातीचा नमुना तपासून घ्यावा आणि खत तोलून टाकावे, ही विनंती. आमच्या घरी आता मिरचीपूडसुद्धा तराजूवर जाते.

— ऊस विकास अधिकारी