विदासंचयाची विश्वसनीयता : एक विचार

‘नोंद झाली’ हे संगणकाचे उत्तर दिसावयास साधे आहे; परंतु त्याचा नेमका अर्थ काय, यावरच विदासंचयाच्या विश्वसनीयतेचा सर्व विचार अवलंबून असतो. निहालीसारख्या, मोजकेच भाषक उरलेल्या भाषेची ध्वनिमुद्रणे व शब्दनोंदी एकदा नष्ट झाल्या, तर त्या देणारा निवेदक पुन्हा भेटेलच असे नाही. अशा सामग्रीसाठी प्रणाली निवडताना केवळ तिची कीर्ती वा वेग पाहून भागत नाही.

१९८३ साली हेर्डर व रॉयटर यांनी व्यवहाराचे चार गुण एकत्र मांडले : अखंडता, सुसंगती, पृथक्ता व चिरस्थायिता. येथे प्रस्तुत आहे तो चौथा. होकार दिल्यानंतर वीज गेली, तरी नोंद राहिली पाहिजे, हा त्याचा आशय होय. त्यासाठी प्रणाली प्रत्येक बदल प्रथम रोजनाम्यात लिहिते, तो तबकडीवर पोहोचल्यावर होकार देते, आणि मूळ फायली मागाहून सुधारते.

तथापि ही साखळी प्रणालीच्या हद्दीबाहेरही जाते. पोस्टग्रेस्क्यूएलच्या बाबतीत २०१८ साली असे उघडकीस आले की, लिनक्सवर फाइल तबकडीवर उतरविण्याची आज्ञा एकदा फसली, तर दुसऱ्या खेपेस ‘यशस्वी’ असे उत्तर येऊ शके. प्रत्यक्षात मजकूर तबकडीवर पोहोचलेलाच नसे. ते उत्तर खरे मानून रोजनाम्याचा संबंधित भाग निकाली काढला जाई. एकाच शब्दाचा दोन्ही बाजूंनी भिन्न अर्थ घेतला होता. फेब्रुवारी २०१९ मधील आवृत्त्यांपासून अशा प्रसंगी प्रणाली स्वतःहून थांबते व रोजनाम्यावरून पुनर्रचना करते.

यावरून ती प्रणाली त्याज्य ठरत नाही. दोष उघडपणे मांडला जातो की नाही, आणि शंका येताच प्रणाली थांबते की पुढे रेटते, हीच खरी कसोटी होय.

उत्तम प्रणालीही प्रतींची उणीव भरून काढीत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या मुख्य विदासंचयातील फायली चुकून पुसल्या गेल्या. तेव्हा नित्याच्या प्रती निघतच नव्हत्या, असे आढळले. आवृत्त्यांचा मेळ नसल्याने ते काम निष्फळ होत होते. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाताशी होती, म्हणून बाकीचे वाचले.

सारांश, प्रत काढली आहे एवढे पुरेसे नाही. तिच्यावरून संपूर्ण विदा ठराविक काळाने दुसऱ्या यंत्रावर उभी करून पाहिली पाहिजे. त्यानंतरच ‘सुरक्षित आहे’ या शब्दांना अर्थ प्राप्त होतो.