चंदगडच्या पठारावरून दिसणारी शेजारची दीर्घिका मोबाइलमध्ये टिपता येते का? कधी, कुठून आणि कशी, सविस्तर वाचा

चंदगड : हिवाळ्याच्या रात्री मोबाइलवर चांदण्याचे फोटो काढणारी पोरं आता गावोगाव दिसतात. आकाशगंगेचा पट्टा, मृगाचे तारे, कृत्तिकांचा झुबका बऱ्याच जणांच्या स्टेटसला असतो. पण आपल्या दक्षिणेकडच्या तालुक्यांना एक वेगळंच दान मिळालंय आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आपल्या आकाशगंगेबाहेरची एक आख्खी दीर्घिका इथल्या दक्षिण क्षितिजावर थोडा वेळ डोकं वर काढते. तिचं नाव मोठा मॅजेलॅनिक मेघ. पुण्या-मुंबईकडून ती जवळपास दिसतच नाही, नागपूरकरांना तर तिचा मध्यभाग कधीच दिसत नाही. चंदगड, आजरा, दोडामार्ग, सावंतवाडी आणि खाली गोवा या पट्ट्यातून मात्र प्रयत्न करता येतो.

काम सोपं नाही. ते अवघड का आहे हे आधी समजून घेतलं, तर रात्र वाया जाणार नाही.

दीर्घिका म्हणजे काय?

आपला सूर्य ज्या ताऱ्यांच्या प्रचंड मेळाव्यात आहे, ती आपली आकाशगंगा. असे मेळावे विश्वात असंख्य आहेत. त्यांना दीर्घिका म्हणतात. मोठा मॅजेलॅनिक मेघ ही आपल्या शेजारची लहान दीर्घिका. ती सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे आज रात्री तुमच्या मोबाइलच्या भिंगावर पडणारा तिचा उजेड तिथून निघाला, तेव्हा शेती हा प्रकारच माणसाला माहीत नव्हता.

या दीर्घिकेतला एक तारा फुटल्याचं फेब्रुवारी १९८७ मध्ये दिसलं. दक्षिण गोलार्धातल्या लोकांनी तो स्फोट नुसत्या डोळ्यांनी पाहिला. दुर्बिणीचा शोध लागल्यानंतरच्या काळात इतका तेजस्वी तारकास्फोट तोवर कुणी पाहिला नव्हता.

अंधार पुरत नाही, जागाही लागते

काळोख असला की सगळं दिसतं, असा समज असतो. तो इथे खोटा ठरतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. लडाखमधलं हानले तर जगभर गाजलेलं आहे. तरी या दोन्ही ठिकाणांहून हा मेघ टिपता येत नाही. कारण तो आकाशात फार दक्षिणेला आहे आणि तुम्ही जितके उत्तरेला जाल, तितका तो क्षितिजाखाली सरकतो.

हिशेब साधा आहे. मेघाचा मध्य आकाशाच्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ७० अंशांवर आहे. ९० मधून तुमच्या गावाचे अक्षांश वजा करा, मग ७० वजा करा. उरतील तितके अंश तो जास्तीत जास्त वर येतो. नेमक्या आकड्यांनी हिशेब केला तर असं दिसतं :

- काणकोण (दक्षिण गोवा) : सव्वापाच अंशांच्या आसपास
- दोडामार्ग : साडेचार अंश
- चंदगड : सव्वाचार अंश
- कोल्हापूर शहर : साडेतीन अंश
- पुणे : पावणेदोन अंश
- नाशिक : जेमतेम पाव अंश
- नागपूर : मध्य क्षितिजाच्या खालीच

सव्वाचार अंश म्हणजे किती? हात सरळ लांब करून तीन बोटं आडवी धरा. तेवढी जाडी साधारण पाच अंश भरते. म्हणजे चंदगडला मेघ तीन बोटंही वर येत नाही. दिवस कासराभर वर आला म्हणतो ना, हा कासराभरसुद्धा येत नाही. शिवाय तो आकाराने मोठा आहे, आकाशात सुमारे दहा अंश पसरलेला. त्यामुळे मधला आणि वरचा भागच हाती लागतो, खालची कड जमिनीला टेकलेली राहते.

इतक्या खालचं का पुसट दिसतं?

डोक्यावरच्या ताऱ्याचा उजेड हवेचा थर सरळ पार करून येतो. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा उजेड तोच थर तिरका पार करतो. चार अंशांवर ही वाट सुमारे बारा पट लांब होते. रात्र स्वच्छ असली तरी एवढ्या हवेतून येताना उजेडाचा दहावा हिस्सा उरला तरी नशीब. त्यात धूळ, धूर, धुकं असेल तर तेवढाही उरत नाही.

आपल्याकडची खरी अडचण इथेच आहे. मेघ दिसायचे महिने आणि ऊसतोडीचा हंगाम एकच. संध्याकाळी कुणी फडातलं पाचट पेटवलं, की तो धूर रात्रीच्या थंड हवेत वर न जाता जमिनीलगत पसरून राहतो. डोक्यावर चांदणं लख्ख दिसत असतं आणि खालचे पाच अंश मातकट झालेले असतात. फोटो तिथलाच काढायचा असतो. म्हणून रात्र निवडताना वर बघू नका, खाली बघा. अवकाळी पाऊस पडून हवा धुतली गेली आणि मग आभाळ मोकळं झालं, की ती रात्र सोडू नका.

कधी बाहेर पडायचं?

मेघ आणि मृग नक्षत्र जवळजवळ एकाच वेळी सर्वात वर येतात. मृगाच्या पोटातला बाण, म्हणजे ओळीतले तीन तारे, ज्यांना गावाकडे तिकांडं म्हणतात, ते आकाशात सर्वात वर पोहोचले की मेघही दक्षिणेला सर्वात वर असतो. वेळा अशा :

- डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात : रात्री १२ च्या सुमारास
- जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात : रात्री १० च्या सुमारास
- फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात : रात्री ८ च्या सुमारास

या वेळेच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, एवढंच कामाचं. त्यापलीकडे तो फारच खाली जातो. चंद्र नको, म्हणून मार्गशीर्ष अमावस्या आणि पौष अमावस्येच्या आगेमागेच्या चार-पाच रात्री सर्वात चांगल्या. अवसेला बाहेर पडू नको असं घरची म्हातारी माणसं म्हणतील. त्यांना सांगा, चांदण्याच्या कामाला अवसच लागते.

जागा कशी निवडायची?

दक्षिण बाजू मोकळी हवी. पठार, सडा किंवा किल्ल्याचा माथा उत्तम. दिवसा जाऊन बघून या. हात लांब करून दक्षिणेचा डोंगर किती बोटं उंच दिसतो ते मोजा. एका बोटापेक्षा जास्त असेल तर दुसरी जागा शोधा. नेमकी दक्षिण कळत नसेल तर रात्री ध्रुवतारा शोधून त्याच्याकडे पाठ करा.

दुसरी गोष्ट, त्या दिशेला शहर नको. सावंतवाडी-दोडामार्गकडून दक्षिणेला पाहिलं की मोपा विमानतळ आणि गोव्यातल्या शहरांचा उजेड आडवा येतो. चंदगडच्या पूर्वेला बेळगाव उजळलेलं असतं. तालुक्याच्या दक्षिण टोकाला, पारगडाच्या बाजूला मात्र समोर म्हादई आणि भीमगडचं जंगल आहे. तिकडची दिशा त्या मानाने काळोखी आहे.

आकाशात शोधायचा कसा?

आधी व्याध शोधा, तो रात्रीच्या आकाशातला सर्वात तेजस्वी तारा. त्याच्या खाली दक्षिणेला दुसरा ठळक तारा दिसतो, तो अगस्त्य. मेघ सर्वात वर असतो त्या वेळी चंदगडहून अगस्त्य क्षितिजापासून दोन मुठी वर असतो (लांब केलेल्या हाताची बंद मूठ म्हणजे दहा अंश). अगस्त्यापासून दीड मूठ खाली या आणि एक मूठ उजवीकडे सरका. मेघ तिथेच. 'स्टेलेरियम' हे ॲप उघडलं तर नेमकी जागा आणि वेळ कळते.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर निराश होऊ नका. या उंचीवर तो नुसत्या डोळ्यांना दिसणं फार कठीण. कॅमेरा उजेड साठवतो, डोळा साठवत नाही.

मोबाइलची मांडणी

१. ट्रायपॉड असेल तर उत्तम. नसेल तर वाळूची किंवा तांदळाची छोटी पिशवी दगडावर ठेवून त्यात मोबाइल रोवा. हलता कामा नये.

२. मुख्य कॅमेराच वापरा. झूम नको, वाइडही नको. फ्लॅश बंद, फोटो आपोआप सजवणारं एआय बंद.

३. प्रो मोडमध्ये आयएसओ १६०० ते ३२००, शटर २० ते ३० सेकंद. फोकस हाताने अनंतावर ठेवा आणि अगस्त्य टोकदार दिसतोय का ते बघा. सोय असेल तर रॉ फाइल ठेवा.

४. तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोट लागून मोबाइल हलणार नाही.

५. एकच फोटो काढून थांबू नका. तसेच ३६ फोटो काढा.

६. भिंगावर दव पडतं. दर दहा मिनिटांनी मऊ कापडाने पुसा.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आकाशाच्या दक्षिण ध्रुवाजवळचे तारे हळू सरकतात. मेघाच्या जागी हा वेग मृगाच्या ताऱ्यांच्या साधारण एक तृतीयांश असतो. त्यामुळे ३० सेकंदांतही तारे फारसे लांबट होत नाहीत.

३६ फोटो कशासाठी? प्रत्येक फोटोत दाणेदार कचरा असतो, तो दर वेळी वेगळ्या जागी पडतो. मेघाचा उजेड मात्र ताऱ्यांच्या संगतीने त्याच जागी राहतो. ३६ फोटो एकावर एक बसवून सरासरी काढली की कचरा सहाव्या हिश्श्यावर येतो आणि पुसट डाग वर उठतो. यासाठी 'सिक्वेटर' किंवा 'डीपस्कायस्टॅकर' हे मोफत प्रोग्राम संगणकावर चालतात. गावातल्या सेवा केंद्रात किंवा शाळेत संगणक असेल तरी काम होतं.

पहिल्याच रात्री मेघावर जाऊ नका. डिसेंबरात संध्याकाळी देवयानी दीर्घिका उत्तरेला चांगली उंच असते. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर असली तरी सोपी आहे, कारण मध्ये हवा कमी. आधी तिच्यावर हात बसवा.

डाग मेघाचाच की गावाच्या उजेडाचा?

इथे बरेच जण फसतात. क्षितिजावर पांढुरका पट्टा दिसला म्हणजे तो मेघच, असं नाही. लांबच्या शहराचा उजेडही असाच दिसतो. पारख सोपी आहे. मोबाइल न हलवता एका तासाने पुन्हा फोटो काढा. मेघ ताऱ्यांबरोबर उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, सुमारे पाच अंश सरकलेला असेल. तीन बोटं म्हणा. गावाचा उजेड जागचा हलत नाही. हा दुसरा फोटो सोबत दाखवला तर कुणी 'एआयने बनवला' म्हणू शकत नाही.

आणि इंटरनेटवरच्या रंगीत फोटोंशी तुलना करू नका. ते बहुतेक दक्षिण गोलार्धातून, मेघ डोक्यावर असताना काढलेले असतात. तुमच्या फोटोत तो राखाडी-तांबूस डाग असेल. पण इतक्या उत्तरेकडून, इतक्या हवेतून तो डाग येणं हीच कमाई.

जिवाशी खेळ नको

चंदगड, आजरा, दोडामार्ग भागात रानटी हत्ती फिरतात, गवे तर सगळीकडेच. एकटं जाऊ नका. वनक्षेत्र असेल तर वन विभागाची परवानगी घ्या. घरी आणि पोलीस पाटलांना कळवून जा. कड्याच्या टोकाला मोबाइल लावू नका, पायात बूट घाला, गवतात बसण्याआधी बॅटरी मारा. हत्तीची खबर असेल त्या रात्री घरीच थांबा, मेघ पुढच्या अवसेलाही तिथेच असतो.

हे दान किती दिवस टिकणार?

खालचं आकाश सर्वात आधी जातं. तुमच्या डोक्यावरचं चांदणं तुमच्या गावच्या दिव्यांनी फिकट होतं, पण क्षितिजावरचं वीस-तीस कोसांवरच्या दिव्यांनीही पुसलं जातं. सरळ वर उजेड फेकणारा प्रत्येक पांढरा एलईडी त्यात भर घालतो आणि तो उजेड रस्त्यावर पडतच नाही, वीजबिल मात्र ग्रामपंचायत भरते.

उपाय महागडा नाही. दिव्याला वरून टोपी घालायची, तोंड खाली करायचं, पिवळसर दिवा निवडायचा. पेंचच्या आसपासच्या गावांत शंभरावर दिवे असेच खाली तोंड करून बसवले गेले. रस्ता तेवढाच उजळतो, आभाळ काळं राहतं. पुढच्या ग्रामसभेत नवीन खांबांचा विषय येईल तेव्हा एवढी एक सूचना कुणीही मांडू शकतो.

पेंचला अंधार आहे, पण हा मेघ नाही. इथे मेघ आहे, आणि अंधारही अजून बराच शिल्लक आहे. येत्या पौष अमावस्येला हवा स्वच्छ असेल तर दक्षिण मोकळी असलेलं पठार गाठा आणि किमान एक प्रयत्न करून बघा.