इयत्ता नाही, परीक्षा नाही : ब्रिटनमधील प्रौढांच्या कला आणि उद्यान सहली

मुलगा आणि सून सकाळी कामावर जातात, नातवंडे शाळेत. पुण्याहून किंवा नाशिकहून ब्रिटनमध्ये स्थायिक होण्यासाठी आलेल्या आईवडिलांसमोर मग संध्याकाळपर्यंतचा रिकामा दिवस उरतो. चाळीस वर्षे येथे नोकरी करून निवृत्त झालेल्या मराठी माणसाची अवस्थाही फारशी वेगळी नसते. सहकारी पांगलेले असतात आणि मंडळाचा पुढचा कार्यक्रम थेट गणेशोत्सवात असतो. अशांसाठी ब्रिटनच्या जवळजवळ प्रत्येक गावात एक दार उघडे असते. मराठी कुटुंबांना मात्र त्याची माहिती क्वचितच असते. हे दार म्हणजे प्रौढ विद्यार्थ्यांच्या अभ्याससहली. या सहली कलादालनांना, जुन्या वास्तूंना आणि उद्यानांना जातात.

कल्पनेचा उगम

या सहलींमागची सर्वांत मोठी चळवळ ‘युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज’, म्हणजेच ‘यू-थ्री-ए’ या नावाने ओळखली जाते. तिचा प्रारंभ १९७३ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे झाला. तेथे विद्यापीठानेच निवृत्तांसाठी वर्ग सुरू केले होते. १९८२ मध्ये इतिहासकार पीटर लॅस्लेट, समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग आणि शिक्षणतज्ज्ञ एरिक मिडविंटर यांनी ही कल्पना ब्रिटनमध्ये आणली, पण तिचे रूप पालटून. येथे विद्यापीठ नाही, प्राध्यापक नाहीत, प्रवेशपरीक्षा नाही आणि पदवीही नाही. सदस्यच एकमेकांना शिकवतात. निवृत्त अभियंता पुलांविषयी सांगतो, निवृत्त परिचारिका चित्रकला शिकते आणि शिकता शिकता इतरांनाही दाखवते.

लॅस्लेट यांच्या मांडणीत पहिले वय अवलंबित्वाचे आणि शिक्षणाचे, दुसरे नोकरी आणि संसाराच्या जबाबदारीचे, तर तिसरे स्वतःच्या पूर्ततेचे असते. आपल्याकडील आश्रमव्यवस्थेत या टप्प्यावर वानप्रस्थ येतो. तेथे माणूस हळूहळू संसारातून मागे सरतो. येथे तो गावात नव्याने मिसळतो.

सहल कशी चालते?

आज या चळवळीचे देशभर हजाराच्या आसपास स्थानिक गट आहेत. पूर्णवेळ नोकरी संपलेली कोणतीही व्यक्ती अल्प वार्षिक वर्गणी भरून सदस्य होऊ शकते. प्रत्येक गटात कलाइतिहास, बागकाम, चालणे, छायाचित्रण असे उपगट असतात. त्यांतील एखादा सदस्य स्थळ ठरवतो, तिकिटांची चौकशी करतो आणि स्थानकावर भेटण्याची वेळ कळवतो.

ही वेळ बहुधा सकाळी उशिराची असते आणि त्याला व्यावहारिक कारण आहे. इंग्लंडमध्ये कायम वास्तव्य असलेल्या आणि राज्य निवृत्तिवेतनाचे वय गाठलेल्या व्यक्तींना बसचा मोफत पास मिळतो. कायद्याने हमी दिलेली त्याची सवलत कामाच्या दिवशी साडेनऊनंतर सुरू होते.

कलादालनांचा खर्चही बेताचाच असतो. डिसेंबर २००१ पासून राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नाही; तिकीट लागते ते विशेष प्रदर्शनांना.

उद्यानांची गोष्ट आणखी वेगळी. १९२७ मध्ये परिचारिकांच्या सेवेसाठी निधी उभारण्याच्या हेतूने ६०९ खासगी बागा माणशी एक शिलिंग घेऊन लोकांसाठी खुल्या करण्यात आल्या. त्यातून उभी राहिलेली ‘नॅशनल गार्डन स्कीम’ आजही चालते. वर्षातील ठरावीक दिवशी बागेचे मालक स्वतः फाटकाशी उभे राहून स्वागत करतात, घरचा केक आणि चहा देतात, आणि जमा झालेला पैसा परिचर्या व आरोग्यसेवेच्या संस्थांना जातो. अनोळखी इंग्रजी घराचे दार संकोचाविना ओलांडण्याची ही फार सोपी रीत आहे.

आपले तेथे काय आहे?

‘ते त्यांचे, आपल्याला त्यातले काय कळणार?’ हा प्रश्न अनेक ज्येष्ठांना घरीच थांबवतो. वस्तुस्थिती निराळी आहे. क्यू येथील पाम हाउस या काचघरात केळ, नारळ आणि मिरी वाढतात. १६७३ मध्ये औषधविक्रेत्यांच्या संघाने स्थापन केलेल्या चेल्सी फिजिक गार्डनमध्ये जगभरच्या वैद्यकपरंपरांतील वनस्पतींचा स्वतंत्र विभाग आहे. अशा ठिकाणी इंग्रज सदस्य पाटी वाचतात. परसात हळद लावलेली आणि आजीच्या हातचा काढा प्यायलेली मराठी बाई मात्र त्या झाडाला आधीपासून ओळखत असते. त्या दिवसापुरती शिक्षिका तीच ठरते, आणि मोडक्या इंग्रजीने तिचे काही अडत नाही.

कलेतही धागे आहेत. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी आणि पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती तयार केल्या. त्यांतील अनेक लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला पाठवल्या गेल्या आणि पुढे आगीत काही नष्ट झाल्या. वाचलेल्या प्रती आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीच्या आहेत. त्या नेहमी मांडलेल्या नसतात. तरीही मूळ चित्रे गुहेत पाहून आलेला माणूस कलागटाला जे सांगू शकेल, ते बाकीच्यांना पुस्तकातूनच मिळवावे लागेल.

सुरुवात करताना

पहिल्या सहलीला मुलाने किंवा सुनेने सोबत जावे. दुसऱ्या वेळी बहुधा गरज भासत नाही. नाव नोंदवताना किती चालावे लागेल, बसायला बाके आहेत का, स्वच्छतागृह कोठे आहे, हे निःसंकोच विचारावे. तेथे हे प्रश्न सगळेच विचारतात. नॅशनल ट्रस्टच्या स्थळांवर अपंग व्यक्तीच्या आवश्यक सोबत्याला विनामूल्य प्रवेश मिळतो. शाकाहारी व्यक्तीने डबा न्यावा. बागेतील बाकावर तो उघडला की गप्पांना आपोआप विषय मिळतो.

एकटेपणाचा त्रास वाढला असेल, तर डॉक्टरांकडेही विचारता येते. इंग्लंडच्या आरोग्यसेवेत अनेक दवाखान्यांशी जोडलेले ‘लिंक वर्कर’ असतात आणि ते रुग्णांना कलागट, बागकाम किंवा चालण्याच्या गटांशी जोडून देतात. त्याला ‘सोशल प्रिस्क्रायबिंग’ म्हणतात. औषधाला तो पर्याय नव्हे. मात्र ज्या दुखण्याचे मूळ रिकाम्या घरात आहे, त्यावर गोळी पुरेशी पडत नाही, हे त्यामागील तत्त्व आहे.

मराठी मंडळांनाही येथे काम आहे. पाच-सहा ज्येष्ठ जमले तरी स्थानिक गटात एक उपगट उभा राहू शकतो. मात्र तो केवळ मराठीच राहिला, तर अर्धा लाभ हातचा जाईल. शेजारच्या घरातील माणसाचे नाव कळणे, त्याच्या बागेतील गुलाबाची चौकशी करणे आणि हिवाळ्यात त्याने आपली चौकशी करणे, ही या शिक्षणाची खरी मिळकत आहे. ज्या गावात उरलेले आयुष्य काढायचे, ते गाव ओळखीचे झाले की परदेश हा शब्द थोडा सैल पडतो.