आतली कडी

परदेशातून एखादी मुलगी वर्षभर ‘सेवा’ करायला येते आणि आपल्यासारख्याच कुणाच्या तरी घरी राहते, म्हणजे नेमकं काय होतं, असं मला अधूनमधून विचारलं जातं. २०१३च्या ऑगस्टपासून पुढच्या वर्षीच्या जुलैअखेरपर्यंत अशी एक जर्मन मुलगी आमच्या मिरजेतल्या घरी राहिली होती. वय वर्षं एकोणीस. नुकतीच शाळा संपवलेली. काम होतं विशेष मुलांच्या एका शाळेत आणि मुक्काम आमच्याकडे. आम्ही तिचं ‘यजमान कुटुंब’. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. आमच्याकडे पाहुणा येतो आणि जातो, त्याला योजना लागत नाही.

पण ही कल्पना जुनी आहे. १९३४ साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा पिएर सेरेझोल नावाचे स्विस गृहस्थ आपले मोजके सहकारी घेऊन तिथं गावं पुन्हा उभी करायला आले होते. अमेरिकेनं १९६१ साली ‘पीस कोअर’ काढलं. त्यातून १९६६ साली आपल्या विक्रोळीला कोण आलं असेल? पुढं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री, लिलियन कार्टर. वय ६८. पेशानं परिचारिका. गोदरेजच्या वसाहतीत त्यांनी रुग्णसेवा केली. १९७६ साली पीस कोअर भारतातून गेलं.

आमची पाहुणी आली ती जर्मन सरकारनं २००८ साली सुरू केलेल्या योजनेतून. तिचं नाव ‘वेल्टव्हेर्ट्स’, म्हणजे ‘जगाच्या दिशेनं’. १८ ते २८ वर्षांच्या तरुणांसाठी. बहुतेक खर्च त्यांचं सरकार करतं, उरलेला पाठवणारी संस्था देणग्यांतून उभा करते. किमान २५ दिवसांची शिबिरं बंधनकारक. काही निघण्याआधी, काही मधे, काही परतल्यावर. या योजनेवर जर्मनीतल्या वृत्तपत्रांनी टीकाही पुष्कळ केली. सरकारी पैशानं पोरांची सहल, असा तिचा सूर होता.

तिला पंचवीस दिवसांचं शिक्षण मिळालं होतं. आम्हाला मिळाला इथल्या संस्थेच्या माणसाबरोबर एक कप चहा. जाता जाता त्यानं सांगितलं, ‘‘ती शाकाहारी आहे, चालेल ना?’’ मुसलमानाच्या घरी शाकाहारी गोरी मुलगी! गल्लीला आठवडाभर पुरेल एवढा विषय झाला. माझ्या बायकोनं मात्र त्याच संध्याकाळी शेजारच्या वहिनींकडून आमटीची कृती लिहून घेतली. ऑक्टोबरात बकरी ईद आली, तेव्हा सगळ्या मोहल्ल्यात एकाच ताटात वांग्याची भाजी होती. माझी आई ते ताट स्वतः वाढत होती.

कागदपत्रांचं आधी सांगतो, कारण लोकांना वाटतं तेच अवघड. ते तितकंसं अवघड नव्हतं. घरात परदेशी माणूस राहतो आहे, हे सी-फॉर्म भरून पोलिसांना कळवायचं. शिवाय चौदा दिवसांच्या आत सांगलीला जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात तिची नोंदणी. चार फेऱ्या झाल्या, काम झालं.

अवघड होती कडी. खोली आम्ही तिला दिली होती, माझ्या पुस्तकांची. तिला दार होतं, पण आतून कडी नव्हती. कशाला असेल? संस्थेच्या यादीत होतं, ‘स्वतंत्र खोली, आतून बंद होणारी’. कडी बसवली पस्तीस रुपयांची. पहिल्याच रात्री ती लागल्याचा आवाज आला आणि आई उठून बसली. ‘‘तब्येत बरी नाही का तिची?’’ आईच्या हिशेबी माणूस दोनच कारणांनी दार लावून घेतो, आजार किंवा रुसवा. पुढे पंधरा दिवस ती रोज त्या दाराशी दूध घेऊन उभी राहायची. ती पोर दार उघडून ‘थँक्यू’ म्हणायची. दिवसातून वीसदा थँक्यू. बायको एकदा मला म्हणाली, ‘‘हिशेब चुकता केल्यासारखं वाटतं. घरात कोण आभार मानतं?’’

हिशेब तर होताच. जेवणखाण आणि मुक्कामाचे म्हणून संस्था आम्हाला दरमहा रक्कम देत असे. पाहुण्याच्या जेवणाचे पैसे घ्यायचे, हे आईला सांगण्याची माझी छाती झाली नाही. बायकोनं वही घातली. तिच्यातली पहिली नोंद, ‘कडी – ३५’. बाहेर मात्र आम्ही युरोत कमावतो, अशी बोलवा होती.

भाषेची गंमत निराळीच. शाळेत मराठी, घरी आमची दखनी. तिला वाटायचं, एकच भाषा आहे. शाळेत बाईंनी काही विचारलं की ही म्हणायची, ‘‘हौ, मेरेकू पाहिजे.’’ मुलं खूश. मुलांकडूनच ती ‘तू’ शिकली आणि मुख्याध्यापिकांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना ‘तू’ म्हणू लागली. आईला ‘दादीमा’ म्हणायला तिनं दोन दिवस घेतले. मला काय म्हणावं, हे मात्र तिला महिनोन् महिने ठरवता आलं नाही. गरज पडली की समोर येऊन उभी राहायची.

शाळेत तिचा उपयोग किती झाला? खरं सांगायचं तर सुरुवातीला फार नाही. विशेष मुलांना शिकवणं हे प्रशिक्षित माणसाचं काम. एकोणीस वर्षांच्या, भाषा न येणाऱ्या मुलीला ते कसं जमावं? पहिले दोन महिने तिनं खिचडीसाठी कांदे चिरले आणि मुलांचे हात धरून त्यांना बसपर्यंत पोहोचवलं. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या होत्या, ‘‘हिला शिकवायलाच एक माणूस लागतो हो.’’ त्याच बाई जूनमध्ये म्हणाल्या, ‘‘आता हाताशी आली, तर निघाली.’’

आता ती जानेवारीची रात्र सांगतो. आमच्या घरचा दंडक असा की दिवेलागणीला मुली घरात. एका शनिवारी ती रेल्वेनं कोल्हापूरला गेली आणि सात वाजले, आठ वाजले, फोन बंद. मी स्टेशनवर दोन चकरा मारल्या. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या घटनेला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. परक्या देशाची पोर, आमच्या मोहल्ल्यातलं घर आणि सी-फॉर्मवर माझी सही. काही विपरीत घडलं असतं तर दुसऱ्या दिवशीच्या बातमीत माझं नाव कुठल्या ओळीत आणि कसं आलं असतं, हे मला त्या तीन तासांत पूर्ण वाक्यांसह दिसत होतं. कवीला वाक्यं लवकर दिसतात.

दहा वाजता ती आली. गाडी चुकली होती, फोनची बॅटरी संपली होती, एवढंच. मी ओरडलो. तिनंही आवाज चढवला, ‘‘मैं बेटी है की कैदी?’’ बायको शांतपणे म्हणाली, ‘‘बेटी असतीस तर एव्हाना दोन कानफटात बसल्या असत्या.’’ ती रडली, मग बायकोही रडली. मी तिला माझ्या भीतीचं कारण सांगितलं, ते बातमीचंसुद्धा. ती बराच वेळ गप्प होती. तिच्या शिबिरांत हे कुणी शिकवलं नव्हतं.

माझी चौदा वर्षांची मुलगी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, ‘‘अब्बा, तिला कारण सांगितलंत. मला कधी सांगितलंत?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या पाठीमागे दोघींनी मिळून नियम लिहिले: कुठे, कुणाबरोबर, परत केव्हा, उशीर झाला तर कुणाच्याही फोनवरून कळवायचं. नियम सगळ्यांना सारखे. कविसंमेलनाहून मध्यरात्री न कळवता येणाऱ्यालाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी मुलगी मावशीकडे एकटी कोल्हापूरला गेली आणि पोहोचल्यावर तिनं फोन केला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिच्या मुक्कामाचा शेवटचा महिना रमजानचा निघाला. पहाटे सहरीला ती आमच्याबरोबर उठायची, दहीभात खायची. काही रोजे तिनं केलेही. आई तिला म्हणायची, ‘‘तुला माफ आहे गं, पाणी पी.’’ २९ जुलैला ईद झाली. दोन दिवसांनी आम्ही तिला गाडीत बसवलं. निघताना ती मला ‘चाचा’ म्हणाली. बायकोनं वहीची शेवटची रेघ मारली. उरलेल्या पैशांतून तिला एक साडी घेतली होती, तीही वहीत लिहिली.

त्याच आठवड्यात माझी मुलगी आपलं दप्तर आणि उशी घेऊन त्या खोलीत राहायला गेली. रात्री दहाच्या सुमारास कडी लागल्याचा आवाज आला.

आई उठून बसली. ‘‘तब्येत बरी नाही का तिची?’’

‘‘बरी आहे,’’ बायको म्हणाली. ‘‘झोपा तुम्ही.’’