चिपेंडेलची खुर्ची चिपेंडेलनेच केली होती का?

परदेशी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर खुर्चीच्या फोटोखाली 'चिपेंडेल' असं लिहिलेलं दिसलं, की आपण लगेच टिपून घेतो: बनवणारा चिपेंडेल. जरा थांबा. हे बहुतेक वेळा शैलीचं नाव असतं, कारागिराचं नाही. प्रबंधात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या, तर पुढचं सगळं विवेचन भलत्याच माणसाच्या नावावर जमा होतं.

गोंधळाचं मूळ एका पुस्तकात आहे. थॉमस चिपेंडेल यॉर्कशरमधून लंडनला आला, तिथे त्याने फर्निचरचा कारखाना थाटला आणि 1754 मध्ये 'द जेंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर' हे नमुन्यांचं पुस्तक काढलं. त्यातली चित्रं पाहून श्रीमंत गिऱ्हाईकाने मागणी नोंदवावी, आणि इतर कारागिरांनीही ती वापरावीत, असा दुहेरी हेतू. त्यांनी ती वापरलीच! शिवाय चिपेंडेल आपल्या मालावर नाव घालत नसे. मग त्याचं काम ओळखायचं कसं? बिलांवरून. यॉर्कशरमधल्या नॉस्टेल प्रायरी आणि हेअरवुड हाउस या वाड्यांचे हिशेबाचे कागद टिकले, म्हणून तिथल्या कित्येक वस्तूंबद्दल ठामपणे बोलता येतं. जॉर्ज हेपलव्हाइटची तर कमालच. तो 1786 मध्ये वारला, त्याच्या नावाचं पुस्तक 1788 मध्ये त्याच्या बायकोने छापलं, आणि खात्रीने त्याच्या हातची म्हणता येईल अशी एकही वस्तू आज माहीत नाही.

पॅरिसमध्ये चित्र उलटं. तिथल्या कारागीर संघाने 1743 पासून उस्तादांना मालावर स्वतःच्या नावाचा ठसा मारायला लावला. ठसा आहे म्हणजे प्रश्न मिटला, असं वाटेल. पण राजाच्या आश्रयाखालच्या कारागिरांना या नियमातून सूट होती, आणि दुरुस्ती करणाराही आपला ठसा मारत असे. व्हर्सायमधलं पंधराव्या लुईचं प्रसिद्ध लिहिण्याचं टेबल घ्या. ते 1760 मध्ये ओबेनने सुरू केलं, 1763 मध्ये तो वारला, रीझनरने 1769 मध्ये पूर्ण केलं. सही आहे ती रीझनरची.

राजांच्या नावांनीही फसू नका. 'सोळावा लुई' म्हणून ओळखली जाणारी सरळ पायांची, ग्रीक-रोमन वळणाची शैली तो 1774 मध्ये गादीवर येण्याआधीच रुळू लागली होती. आणि 19व्या शतकात जुन्या शैलींची पुन्हा लाट आली, तेव्हा 'पंधराव्या लुई'च्या खुर्च्या ढिगाने बनल्या. फसवायचं म्हणून नव्हे, लोकांना आवडत होत्या म्हणून.

फसवणूकही होतेच. मादाम द्यु बारीच्या म्हणून व्हर्सायने विकत घेतलेल्या खुर्च्या बनावट असल्याचं प्रकरण 2016 मध्ये उघड झालं. त्यात 2025 मध्ये दोषी ठरलेल्यांपैकी एकजण 18व्या शतकातल्या फ्रेंच आसनांवरचा नावाजलेला अभ्यासक होता, त्या विषयावरचा मान्यवर ग्रंथ त्याचाच. काय दिसलं की तज्ज्ञ खूश होतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? (हा खटला पुरावा-पद्धतीच्या पेपरात शिकवायला हवा, असं माझं मत.)

म्हणून टिपण करताना शैली, बनवल्याचा काळ आणि बनवणारा हे तीन रकाने वेगळे ठेवा, आणि प्रत्येकासमोर पुरावा लिहा: बिल, ठसा, की नुसतं दिसण्यातलं साम्य? वस्तूची पाठ, तळ आणि खणांची आतली बाजू यांचे फोटो संग्रहालयाकडे जरूर मागा. न रंधलेल्या लाकडावर कमानीसारखे वळणदार ओरखडे दिसले, तर ते चकती-करवतीचे असण्याची शक्यता मोठी. ही करवत सर्रास झाली 19व्या शतकात. तेव्हा तो भाग मूळचा की नंतर बदललेला, हे आधी विचारा आणि मगच काळाच्या रकान्यात 1760 लिहा.