बुलडाणा जिल्ह्यातील पाणपक्षी आणि गाळपेरीचा काठ

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजाच्या दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग असून उत्तरेस पूर्णा नदीचे काळ्या मातीचे विस्तीर्ण खोरे पसरलेले आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. लोणारचे सरोवर वगळल्यास जिल्ह्यातील बहुतेक मोठे जलाशय माणसाने बांधलेले आहेत. तरीही दिवाळी सरून रब्बीची पेरणी आटोपते तोच येथील धरणांवर व पाझर तलावांवर दूरदेशीच्या पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. लडाख, तिबेट, मध्य आशिया व सैबेरिया येथील पाणी गोठू लागले की हे पक्षी दक्षिणेची वाट धरतात आणि मार्चअखेरपर्यंत आपल्याकडे मुक्काम करतात.

खोलीप्रमाणे वस्ती

कोणता पक्षी कोठे दिसेल, हे मुख्यतः पाण्याच्या खोलीवर अवलंबून असते. खोल पाण्यात बुडी मारून मासे धरणारा पाणकावळा व चिमुकली टिबुकली आढळते. पाणवनस्पती असलेल्या भागात काळ्या अंगाचा आणि कपाळी पांढरा टिळा असलेला वारकरी पोहत असतो. गुडघाभर पाण्यात बदकांची गर्दी होते. फावड्यासारख्या चोचीचा थापट्या व टोकदार शेपटीचे तलवार बदक हे हिवाळी पाहुणे होत. हळदी-कुंकू बदक मात्र बारमाही रहिवासी आहे. घोटाभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, चमचा व चित्रबलाक भक्ष्य शोधतात. ओल्या चिखलावर तुतवार, चिखल्या व परीट हे किडे व अळ्या टिपत फिरतात. काठावरील गवतावर नारिंगी रंगाचे चक्रवाक आणि पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस दृष्टीस पडतात.

पाहण्याची ठिकाणे

पिंपळगाव राजाच्या रहिवाशांना मोताळा तालुक्यातील नळगंगा धरण सोयीचे आहे. ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्या परिसरात ज्ञानगंगा व पलढग हे जलाशय आहेत. जिल्ह्याच्या दक्षिण भागात देऊळगाव राजा तालुक्यातील खडकपूर्णा जलाशय विस्तीर्ण आहे. लोणारच्या क्षारयुक्त सरोवरास २०२० मध्ये रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. अभयारण्याच्या हद्दीत जाण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून काठापासून दूर, शांतपणे बसावे. कपडे मातकट रंगाचे असावेत. थवा माना उंचावून पाहू लागला, तर आणखी पुढे जाऊ नये.

गाळपेर आणि पक्षी

सिंचनासाठी पाणी सुटू लागले की जलाशय आटत जातो आणि सुपीक गाळाचा पट्टा उघडा पडतो. या जमिनीवर ओलाव्याच्या बळावर कलिंगड, काकडी वा चारापिके घेतली जातात. तीच गाळपेर होय. २०१८-१९ च्या दुष्काळात शासनाने अशा जमिनी चाऱ्यासाठी नाममात्र भाड्याने दिल्या होत्या. पशुधन वाचविण्यास अशी जमीन किती मोलाची आहे, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु चिखलातील पक्ष्यांचे अन्नही याच पट्ट्यात असते. थेट पाण्यापर्यंत नांगर गेला, तर पक्ष्यांना उतरण्यास जागा उरत नाही.

यावर उपाय अवघड नाही. पाणी मागे सरेल तसतशी पेरणी मागाहून न्यावी आणि पाण्यालगतचा ओला पट्टा मोकळा ठेवावा. पाणी आणखी हटले की पक्षी त्याच्याबरोबर पुढे सरकतात आणि मागील जमीन पेरणीस मिळते. गाळपेरीवर कीटकनाशके फवारू नयेत. फवारणीचा पंप जलाशयात धुऊ नये आणि रिकाम्या बाटल्या काठावर टाकू नयेत. हेच पाणी गुरे पितात व अनेक गावांच्या नळांतूनही येते, हे विसरता कामा नये.

पक्ष्यांपासून नुकसान मुळीच होत नाही, असे नाही. पट्टकादंब हंस गहू व हरभऱ्याची कोवळी रोपे खातात. अशा वेळी पहाटे व सायंकाळी राखण करावी, डबे वाजवावेत व शेतात फडफडणाऱ्या पट्ट्या बांधाव्यात. विषारी आमिष ठेवणे वा जाळे लावणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय ते आमिष गावातील कुत्र्याच्या वा जनावराच्या तोंडीही लागू शकते. उलट, नांगरामागे चालणारा गायबगळा उघड्यावर आलेल्या अळ्या व कीटक वेचतो; ही मदत शेतकऱ्यास विनामूल्य लाभते.

नोंद ठेवावी

आशिया खंडात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. गावोगावच्या शाळांनी आपल्या तलावापुरती अशी वही ठेवणे सहज शक्य आहे. पहिला थवा कोणत्या दिवशी आला, कोणते पक्षी किती होते, पाणी कोठपर्यंत होते आणि गाळपेर कोठपर्यंत गेली, एवढ्या चार नोंदी पुरेत. पाच-सात वर्षांत पाणी, पीक व पक्षी यांचा परस्परसंबंध त्या वहीत स्पष्ट दिसू लागेल आणि काठावर मोकळा पट्टा किती ठेवावा, हे गावाला स्वतःच्या अनुभवाने ठरविता येईल.