खंजिरीवरचे बेचाळीस

पांढुर्णा-सौंसरच्या मराठी पट्ट्यातले बोरगाव आज मध्य प्रदेशात असले, तरी १९४२ साली ते नागपूर राजधानी असलेल्या ‘मध्यप्रांत आणि वऱ्हाड’ या प्रांतात होते. म्हणून या पट्ट्यातल्या बेचाळीसच्या ‘छोडो भारत’ आंदोलनाचा विचार त्याच प्रांतातली चिमूर आणि आष्टी ही गावे वगळून करता येत नाही, आणि चिमूर-आष्टीचा विचार राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने वगळून करणे तर सर्वस्वी अपुरे ठरते.

त्या वर्षी १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, दोन्ही गावी लोक उठले, गोळीबार झाला, माणसे पडली आणि संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारी व पोलीसही मारले गेले. पुढे चिमुरात लष्कराने केलेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीवादी प्रा. भन्साळींनी प्रदीर्घ उपोषण केले, तेव्हा त्या उपोषणाच्या बातम्या छापण्यावर सरकारने बंदी घातली.

वर्तमानपत्राचे तोंड असे बांधता येत होते, महाराजांच्या भजनाचे मात्र बांधता आले नाही, आणि त्याचे कारण भजनाच्या रचनेतच आहे. खंजिरी म्हणजे एका बाजूला कातडे ताणलेली, कडेच्या खाचांत झांजा बसवलेली लहानशी लाकडी चौकट. ती एका हाताने धरून दुसऱ्या हाताने वाजवीत महाराज कडवे म्हणत आणि ध्रुपद समोर बसलेले सगळे उचलत. ध्रुपद गावाने उचलले की शब्द कोणा एकाचे राहत नाहीत. निरक्षर माणसालाही ते पाठ होतात, जप्त करायला कागद उरत नाही आणि देवाच्या नावाने जमलेली मंडळी उठवायची कशी, हा फौजदारापुढचा पेच होऊन बसतो. सरकारने अखेर गाणे सोडून गायकालाच धरले. ऑगस्ट १९४२ मध्ये चंद्रपुरात महाराजांना अटक झाली. नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत राहून ते डिसेंबरात सुटले.

भजनांनीच उठाव घडवला, असे म्हणणे मात्र गावकऱ्यांवर अन्याय करणारे आहे, कारण गोळीपुढे उभे राहण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. सरकारी कागद किती माणसे जमली, काय जाळले, कोण मारले गेले हे सांगतात. एरवी चपराशालाही वचकून असणारा शेतकरी त्या दिवशी ठाण्यावर कसा चालून गेला, याचा माग ज्या गाण्यांनी त्याला आधी चारचौघांत मोठ्याने बोलायला शिकवले, त्या गाण्यांतच लागतो.

१९६२ आणि १९६५ च्या युद्धांत महाराज तीच खंजिरी घेऊन सैनिकांपुढे गायले. ते कार्य थोर होतेच, परंतु बेचाळीसच्या भजनांचे मोल त्याहून वेगळे आहे: सीमेवरचा जवान शस्त्र घेऊन, राज्यसत्तेच्या पाठबळावर लढत होता, चिमूरच्या श्रोत्यापाशी यांतले काहीही नव्हते आणि त्याला उभे राहायचे होते ते ब्रिटिश राज्यसत्तेविरुद्ध.

महाराजांनी मराठीइतकेच हिंदीतही लिहिले. त्यामुळे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्णा ज्यात होते तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, तरी सौंसरकडच्या माणसाला हे भजन दोन्ही भाषांत आपलेच राहिले.